नवा कार्ब्युरेटर, जुनी पद्मिनी : बिघाड नेमका कुठे शोधायचा?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आजही कापडी कव्हरखाली एखादी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. कुणाच्या वडिलांनी नंबर लावून घेतलेली, तर कुणी अलीकडे हौसेने विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणलेली. या भागाचं या गाडीशी नातं जवळचं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बनवत असे. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर होता. पेजो ३०९ तिथेच तयार झाली, आणि प्रीमियर कॉलनी हे नाव त्या रस्त्यावर अजून टिकून आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. आता ही गाडी जगवायची ती घरगुती मालकांनीच.

जगवताना पहिला बदल बहुतेकदा कार्ब्युरेटरचा होतो. मूळ सोलेक्स झिजलेला असतो, थ्रॉटलची दांडी हलत असते, किट चांगलं मिळत नाही. मग मेकॅनिक मारुती ८०० चा किंवा जिप्सीचा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर अडॅप्टर प्लेटवर बसवून देतो. मायलेज वाढेल, पिकअप सुधारेल, ही अपेक्षा असते. काही गाड्यांत ती पूर्णही होते. पण कित्येकांच्या वाट्याला वेगळंच येतं : आयडलिंगला गाडी बंद पडते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर बसते, चढावर मिसिंग येतं, गरम झाली की सुरूच होत नाही.

अशा वेळी हात आपोआप नव्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो हात आवरा. कार्ब्युरेटर बसवताना गाडीतल्या पाच-सहा गोष्टी हलवल्या जातात आणि दोष बहुधा त्यांतल्याच एकीत असतो. म्हणून शोध एका ठरलेल्या क्रमाने घ्या : आधी ठिणगी, मग चोरटी हवा, मग पेट्रोल, मग जोडण्या आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरचं पोट. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि गाडी चालवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, ते कधीच कळत नाही.

हात लावण्याआधी

स्टिल्टखालच्या किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. शिवाय बंद जागेत इंजिन चालू ठेवलं तर सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. गाडी उघड्यावर काढा. पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अग्निशामक हाताशी असू द्या. इंजिन गार असतानाच पाइप सोडा आणि सांडलेलं पेट्रोल पुसून ते कापड बाहेर वाळत टाका.

आपल्या गाडीवर नेमका कोणता कार्ब्युरेटर बसला आहे, हेही माहीत करून घ्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. म्हणजे पद्मिनीचं इंजिन सुमारे ३७ टक्क्यांनी मोठं. ८०० चा कार्ब्युरेटर तिच्यावर शहरातल्या वेगाला छान चालतो, पण वरच्या वेगात त्याची नळी अरुंद पडते आणि गाडी दम खाते. सुरुवातीच्या जिप्सीचं इंजिन ९७० सीसी, चार सिलिंडरचं होतं. म्हणून तिचा कार्ब्युरेटर पद्मिनीला जास्त जवळचा. ८०० चा कार्ब्युरेटर असेल आणि ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढे गाडी ओढत नसेल, तर तो बिघाड नव्हे, ती त्या भागाची मर्यादा आहे. कितीही ट्यूनिंग केलं तरी ती हटणार नाही.

पहिली पायरी : ठिणगी

पेट्रोलचे वाटणारे बरेच दोष ठिणगीचे निघतात. कार्ब्युरेटर काढता-बसवताना प्लगच्या वायरी हलतात, कधी अदलाबदल होते. पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. त्याप्रमाणे वायरी लावलेल्या आहेत ना, ते पाहा. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून पुसा. बारीक काळी रेघ किंवा तडा दिसला तर कॅप बदला. पावसाळ्यात खाडीकाठच्या ठाण्यात आणि डोंबिवलीत कॅपमध्ये ओल धरते आणि सकाळी गाडी तीनच सिलिंडरवर चालते. कॉन्टॅक्ट पॉइंटचं अंतर फिलर गेजने मोजा. ते ०.४ मिमीच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. पॉइंटच्या टोकावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या.

मग टायमिंग लाइट लावून टायमिंग पाहा. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स असेल तर त्याची बारीक नळी नव्या कार्ब्युरेटरच्या कोणत्या तोंडाला लावली आहे, ते तपासा. आयडलिंगला ज्या तोंडात ओढ नसते आणि थ्रॉटल थोडा उघडल्यावरच जिथे ओढ येते, ते तोंड योग्य. बोट लावून पाहिलं तरी कळतं. नळी चुकीच्या तोंडाला गेली तर आयडलिंगलाच टायमिंग पुढे सरकतं. मग आयडलिंग चढतं, ते खाली आणायला स्क्रू सोडला जातो आणि पुढची सगळी सेटिंग चुकत जाते.

दुसरी पायरी : चोरटी हवा

अडॅप्टर प्लेट लावलेल्या गाडीत सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात. पूर्वी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यात एक सांधा होता, आता दोन झाले. कुठूनही बाहेरची हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं. लक्षणं ठरलेली : आयडलिंग वर-खाली होतं, चोक ओढला की गाडी सुधारते, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना फटफट आवाज येतो.

तपासणी सोपी आहे. गाडी आयडलिंगला ठेवा आणि साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घेऊन दोन्ही सांध्यांवर बारीक फवारा मारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर पाणी उडू देऊ नका. एखाद्या ठिकाणी पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच जाते आहे. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे वापरून हीच तपासणी करणारे आहेत, पण गरम एक्झॉस्टवर तो पेट घेऊ शकतो. पाणीच बरं.

गळती सापडली म्हणून नुसते नट आवळू नका. जास्त आवळल्याने कार्ब्युरेटरचं मऊ मिश्रधातूचं तळ वाकतं आणि गळती वाढते. कार्ब्युरेटर उतरवा, तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहा. पट्टीखालून उजेड दिसला तर तळ वाकलं आहे. ते सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून घ्यावं लागेल. गॅस्केटची भोकं अडॅप्टरच्या भोकांशी जुळतात का पाहा. गॅस्केटची कड नळीत डोकावत असेल तर तिथे हवेचा प्रवाह अडतो. जुने स्टड अडॅप्टरच्या जाडीमुळे आखूड पडले असतील आणि नट जेमतेम दोन आट्यांवर उभा असेल, तर लांब स्टड घाला. मारुतीच्या कार्ब्युरेटरवर व्हॅक्युमची जास्तीची तोंडं असतात. पद्मिनीला न लागणारं प्रत्येक तोंड रबरी टोपीने घट्ट बंद हवं. उन्हाने भेगाळलेली टोपीही हवा घेते.

तिसरी पायरी : पेट्रोल

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज असतो. नवा कार्ब्युरेटर बसवल्यावर गाडी जोरात चालवली जाते, टाकी ढवळली जाते आणि तो गंज पुढे येतो. फ्लोटच्या वाटीचं झाकण उघडून तळ नीट पाहा. तांबूस कण दिसले तर टाकीतला गंज. पांढरट, ओलसर भुकटी दिसली तर पाण्यामुळे धातू खाल्ला जातोय. काळे, मऊ तुकडे दिसले तर जुनी रबरी नळी आतून सुटते आहे. नुसती वाटी साफ करून भागणार नाही. जिथून कचरा येतोय ती जागा दुरुस्त करेपर्यंत जेट पुन्हा पुन्हा तुंबत राहतील.

इथे आजच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. २०२५ पासून आपल्या पंपांवर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. पद्मिनी बनली तेव्हा असं इंधन कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्याचे तीन परिणाम लक्षात ठेवा. पहिला, इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं. म्हणून नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉल सोसणारंच घ्या. दुसरा, इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होऊ शकतो आणि इंजिनाला पहिल्यांदा तोच मिळतो. तिसरा परिणाम जेटचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेल्या जेटवर ई-२० सात-आठ टक्के पातळ जळतं. जुना सोलेक्स थोडा गाढा चालत असेल तर हे झाकलं जात होतं. मायलेजसाठी बारीक जेट घातलेल्या नव्या कार्ब्युरेटरवर ते लगेच उघडं पडतं.

पंपाचा दाबही पाहा. काही जण हौसेने इलेक्ट्रिक पंप लावतात आणि तो इंजेक्शनच्या गाडीचा असतो. तो पंप ३ बारच्या आसपास दाब देतो. कार्ब्युरेटरला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही लागत नाही. मग फ्लोटची नीडल दाबापुढे टिकत नाही, पेट्रोल ओव्हर होतं, काळा धूर येतो, प्लग ओले होतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडून आगीचा धोका उभा राहतो. पद्मिनीचा मूळ मेकॅनिकल पंप चांगला असेल तर तोच ठेवा.

चौथी पायरी : वायर, केबल, चोक

मारुतीच्या कार्ब्युरेटरवर आयडलिंगचं पेट्रोल बंद करणारा एक सोलेनॉइड असतो. किल्ली काढल्यावर इंजिन फटफटत चालू राहू नये म्हणून तो असतो. पद्मिनीत त्याच्यासाठी वायर मुळातच नाही, ती इग्निशनवरून ओढावी लागते. किल्ली चालूच्या जागेवर नेऊन कान जवळ न्या. 'टिक्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. आवाज नाही, किंवा हेडलाइट लावल्यावर तो मंदावतो, तर वायरीचा जोड कच्चा आहे. याचं लक्षण अगदी ठळक असतं : चोकवर किंवा अ‍ॅक्सिलरेटर धरून गाडी चालते, पाय काढला की मरते. मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही.

नंतर एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवा आणि एकाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा. वरून बघा : थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का? पद्मिनीची मूळ जोडणी आणि मारुतीची केबल यांचं गणित वेगळं असल्याने पेडल तळाला टेकूनही थ्रॉटल अर्धाच उघडलेला सापडतो. मग 'पिकअप नाही' ही तक्रार तिथेच मिटते. चोकही तसाच पाहा. बटण आत ढकलल्यावर पाकळी पूर्ण उभी राहायला हवी. ती तिरकी राहिली तर गाडी पेट्रोल पीत राहणार. याच वेळी थ्रॉटल झटकन दाबून आत पाहा. कार्ब्युरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या नोझलमधून पेट्रोलची बारीक, सलग धार यायला हवी. धार उशिरा किंवा तुटक आली, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी बसण्याचं कारण तुम्हाला सापडलं.

पाचवी पायरी : फ्लोट, मिश्रण, जेट

इथवर सगळं नीट असेल तरच कार्ब्युरेटर उघडा. फ्लोटची पातळी आधी. ती जास्त असेल तर वळणावर आणि ब्रेक लावताना पेट्रोल सांडतं, कमी असेल तर चढावर उपासमार होते. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून मिश्रणाचा स्क्रू लावा. स्क्रू हळुवार आत टेकवा, मग दीड ते दोन आटे बाहेर काढा आणि तिथून सुरुवात करा. इंजिन सर्वांत वेगाने आणि शांतपणे फिरतं ती जागा शोधा, नंतर आयडलिंगच्या स्क्रूने वेग खाली आणा. दोन-तीनदा आलटून-पालटून केल्यावर जागा पक्की होते. स्क्रू कधीही जोराने आत दाबू नका. त्याच्या टोकावर खाच पडली की तो कार्ब्युरेटर पुन्हा नीट लागत नाही.

आता पीयूसीचा उपयोग करून घ्या. पीयूसी केंद्रावरचं यंत्र आयडलिंगचे दोन आकडे देतं : सीओ आणि एचसी. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीसाठी मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम अशी आहे. पण प्रमाणपत्र मिळालं की कागद डॅशबोर्डमध्ये टाकू नका, आकडे वाचा. सीओ जास्त असेल तर मिश्रण गाढं : फ्लोट, चोक, एअर फिल्टर पाहा. सीओ कमी आणि एचसी मात्र चढलेला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय : हवा गळते आहे किंवा ठिणगी चुकते आहे, पुन्हा पहिल्या दोन पायऱ्यांकडे जा. दोन्ही चढलेले असतील तर गाढं मिश्रण आणि मिसिंग एकदमच आहे. मोठ्या गॅरेजच्या महागड्या तपासणीत कळेल ते इथे थोडक्या पैशांत कळतं.

जेट सगळ्यात शेवटी. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिमी. ११५ काढून १२० घातला तर छिद्राचं क्षेत्रफळ जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ई-२० ची सात-आठ टक्क्यांची तूट भरून निघते. म्हणून एकदम मोठी उडी नको, एकाच पायरीने वर जा. दुसऱ्या कंपन्यांच्या जेटचे आकडे वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांची सोलेक्सशी तुलना करू नका. आणि जेटच्या छिद्रात तार किंवा पिन कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि आकड्याला अर्थ उरत नाही. हवेच्या दाबाने आणि क्लीनरने साफ करा.

गरम झाल्यावरचं दुखणं

मे महिन्यात शीळफाट्याच्या कोंडीत अर्धा तास अडकलेली पद्मिनी बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. बॉनेट उघडं ठेवून वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू लागते. हा बहुधा वाफेचा अडथळा : पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ढकलू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकण्याची टॅक्सीवाल्यांची जुनी युक्ती आजही चालते, पण ती वाटेवरची सोय झाली. कायमचा उपाय वेगळा : पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड ब्लॉक घाला, धातूची अडॅप्टर प्लेट उष्णता वर पोचवते का ते पाहा आणि रेडिएटर साफ करून घ्या. फडकं टाकूनही गाडी सुरू होत नसेल, तर गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर बदलून पाहा.

चालवून पाहा, मग ठरवा

दुरुस्तीचा निकाल गॅरेजच्या दारात लागत नाही. रविवारी सकाळी लवकर निघा. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर चढा. झटके आले तर मिश्रण पातळ किंवा पेट्रोल कमी पडतंय. कल्याणहून मुरबाडच्या दिशेने मोकळा रस्ता मिळाला की एकसारख्या वेगात दहा-पंधरा किलोमीटर चालवा. मग सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी रंग चांगला. काजळी म्हणजे गाढं. पांढराफटक आणि टोकावर बारीक दाणे म्हणजे धोकादायक पातळ, तशी गाडी पुढे दामटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळतात. ई-२० वर प्लग पूर्वीपेक्षा फिकटच दिसतो. म्हणून रंगाबरोबर चढावरची चाल आणि पीयूसीचे आकडेही जुळवून पाहा.

माणूस कुठे शोधायचा, हाही प्रश्न आहे. २००० च्या आसपास नव्या मोटारी इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे तरुण मोटार मेकॅनिकच्या हाताखालून कार्ब्युरेटर गेलेलाच नसतो. पण बहुतेक मोटारसायकली २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत कार्ब्युरेटरवर चालत होत्या. जुना फियाट मेकॅनिक मिळाला नाही, तर जेट आणि फ्लोट जाणणारा चांगला टू-व्हीलर मेकॅनिक गाठा आणि तुमची वही त्याच्यासमोर ठेवा. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जावं लागलं तर जुना भाग सोबत न्या आणि जेटवरचा आकडा भिंगातून वाचून मगच पैसे द्या.

शेवटी एक विनंती. काढलेला सोलेक्स भंगारात देऊ नका. तो असेल तर कधीही परत बसवून दोष कार्ब्युरेटरचा की गाडीचा, हे एका सकाळीत ठरवता येतं. दुसरं कारण कायद्याचं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयात पोचल्या आहेत. तुमची एमएच-०४ किंवा एमएच-०५ ची गाडी अजून तरुण असली तरी एक दिवस तिथे पोचेल. सोलेक्स तेलाच्या कापडात गुंडाळून, त्याचे जेट आणि स्टड वेगळ्या पिशवीत घालून, पिशवीवर गाडीचा नंबर आणि काढल्याची तारीख लिहून घरात ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला ही पिशवी आणि तुमची वही, दोन्ही द्या.